डच निसर्गचित्रात सगळं सपाट असताना चित्र रिकामं दिसू नये म्हणून काय करावं? ऋतू कसे दाखवावेत?

तैलरंग धरून सांगतो.

आधी क्षितिज खाली आणा. सह्याद्री रंगवायची सवय असलेला हात ते मध्यावर नेतो आणि मग खालच्या अर्ध्या भागात नुसतं गवत भरत बसावं लागतं. ३० सेंमी उंचीच्या कॅनव्हासवर खालून ८ ते १० सेंमी पुरे. डच चित्रकार याकोब फान रुइसडालने १६७० च्या सुमारास काढलेलं हार्लेम शहराचं दृश्य पाहा : जवळपास दोन तृतीयांश आकाशच आहे. जमिनीवर ढगांच्या सावल्यांचे काळपट पट्टे आणि मध्येच उन्हाचा पट्टा, जिथे कापड पांढरं व्हावं म्हणून उन्हात पसरलंय. खोली येते ती या उन्ह-सावलीच्या आडव्या पट्ट्यांमुळे. डोंगराची गरज पडत नाही.

खरी मेहनत ढगांवर घ्या. त्यांचे तळ सपाट आणि साधारण एकाच उंचीवर असतात; म्हणून क्षितिजाकडे ते लहान, चपटे आणि दाट होत जातात. डोक्यावरचा आणि दूरचा ढग एकाच मापाचा काढला की आकाश भिंतीसारखं उभं राहतं. सगळीकडे निळा फासून ओल्यातच पांढरे ढग काढू नका, चिखल होतो. आधी ढगांची सावलीची बाजू पातळ रंगात (निळा अल्ट्रामरीन, तपकिरी बर्न्ट सिएना, पांढरा), मग फटींमध्ये निळा, शेवटी उजेडाच्या कडांना जाड पांढरा. नुसता टायटॅनियम व्हाइट खडूसारखा दिसतो, त्यात किंचित यलो ऑकर घाला. निळ्याचा ब्रश पांढऱ्यात बुडवू नका.

ऋतू दाखवायला ट्यूलिप आणि पवनचक्क्या लागतातच असं नाही. माझ्या मते त्या जितक्या कमी तितकं बरं. सावलीची लांबी बघा. नेदरलँड्समध्ये डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४-१५ अंश वर असतो, म्हणजे झाडाची सावली उंचीच्या जवळपास चौपट. जूनच्या दुपारी ती उंचीच्या निम्मीच. हिवाळ्याच्या चित्रात आखूड सावली पडली, तर कितीही बर्फ घाला, थंडी वाटत नाही. बर्फही पांढरा नसतो, आकाशाचा रंग घेतो. डच चित्रकार आफरकांपच्या चित्रांतल्या गोठलेल्या कालव्यांवर गुलाबी-करडी झाक आहे ती त्यामुळेच.

हिवाळ्यात गवत पूर्ण मरत नाही, मळकट हिरवं राहतं. आयव्हरी ब्लॅक आणि लेमन यलो मिसळून ते नेमकं मिळतं. मे महिन्याच्या कुरणांना मात्र निळा आणि लेमन यलोच हवा. ट्यूबमधला तयार हिरवा टाळा, प्लास्टिकसारखा दिसतो. ऑगस्टअखेर नेदरलँड्समधल्या फेलुवे भागातल्या माळावर हेदर हे जांभळ्या फुलांचं झुडूप फुलतं, ते जांभळं थोडं करडं करूनच लावा.

चरांमधलं पाणी आकाशापेक्षा एक छटा गडद ठेवा. आकाशाचाच रंग जसाच्या तसा लावला की जमिनीला भोक पडल्यासारखं दिसतं.