कोणता गेम घेऊ, दादा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. क्लासवरून आला की लगेच मोबाईलवर बीजीएमआय (पब्जीचा भारतातला अवतार), जेवायला ये म्हटलं की चिडतो, मोबाईल काढून घेतला की जेवतच नाही. दुसरा एखादा बरा गेम सुचवा ना, मला यातलं काही कळत नाही. घरात जुना लॅपटॉप आहे. (एक आई, इंदिरानगर)

उत्तर : ताई, तो चिडतो का ते आधी सांगतो. या गेममध्ये पॉज नसतो, १०० जण एका मॅचला उतरतात, शेवटी उरेल तो जिंकतो, अर्धा तास सहज जातो आणि तुम्ही ताट वाढून हाक मारता तेव्हा पोरगं नेमकं शेवटच्या झोनमध्ये, म्हणजे आक्रसत गेलेल्या मैदानाच्या शेवटच्या तुकड्यात असतं, मध्येच सोडलं तर टीममधली पोरं उद्या शाळेत ऐकवणार. म्हणून मोबाईल हिसकावू नका, कुकर लावतानाच सांगा की आता ही शेवटची मॅच. अजून एक, १८ वर्षांखालच्यांना रोज ३ तासांचीच मर्यादा गेमवाल्यांनीच घातलेली आहे, तेव्हा साहेबांनी अकाऊंट कोणाच्या वयावर काढलंय ते एकदा हळूच बघून घ्या :)

पण खरी गोची अशी की हा गेम टीव्हीवरच्या मालिकेसारखा आहे, संपतच नाही, एक सीझन गेला की दुसरा हजर. माझं म्हणणं, पोराला संपणारा गेम द्या. पोर्टल २ घ्या. २०११ चा आहे म्हणून नाक मुरडू नका, त्यामुळेच तर जुन्या लॅपटॉपवर चालतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आणि स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, सेल लागला की अगदी स्वस्तात मिळतो. यात बंदूक आहे पण गोळ्या नाहीत. भिंतीवर एक भोक पाडायचं, जमिनीवर दुसरं, एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. मजा अशी की उंचावरून खालच्या भोकात उडी मारली की जेवढ्या वेगाने पडलात तेवढ्याच वेगाने भिंतीतून आडवे फेकले जाता, आणि मधला मोठा खड्डा पार होतो. हे पहिल्यांदा जमलं की पोरगं ओरडणार बघा.

त्यात दोघांनी मिळून खेळायचा वेगळा भाग आहे, दोन रोबोट, स्क्रीनचे दोन भाग होतात, एक कंट्रोलर (गेमचा रिमोट) तेवढा आणावा लागेल. एकाने बटणावर उभं राहायचं, दुसऱ्याने पलीकडे जायचं. तुम्ही बसा त्याच्यासोबत. तुम्ही चुकून त्याला ॲसिडमध्ये पाडाल, रोबोट लगेच नवीन तयार होऊन येतो, काळजी नाही. भाषा इंग्रजी आहे पण सबटायटल्स लावता येतात. फक्त लॅपटॉप मिस्टरांच्या कंपनीचा असेल तर त्यावर काही टाकू नका, आयटीवाले फोन करतील.

प्रश्न : भाऊ, गावाकडे द्राक्षबाग आहे, मी शिकायला पुण्यात. शेतीचा गेम खेळायचाय, फार्मिंग सिम्युलेटर २२ घेऊ का स्टार्ड्यू व्हॅली? घरी सांगितलं तर सगळे हसतात. (दिंडोरी तालुका)

उत्तर : हसणारच ना, इथे खरी छाटणी सोडून तू तिकडे ट्रॅक्टर चालवणार! पण फार्मिंग सिम्युलेटर २२ मध्ये द्राक्ष आहे हे तुला माहीत असणारच, २०२१ ला पहिल्यांदा या सिरीजमध्ये द्राक्ष आणि ऑलिव्ह आले. ओळी आखल्या की खांब-तारा आपोआप उभ्या राहतात, अरुंद ट्रॅक्टर घेऊन दोन ओळींमधून जायचं, आणि काढणीला एक अवाढव्य मशीन येतं जे अख्खी ओळ पोटाखाली घेऊन माल झाडून काढतं. ही सगळी युरोपातली वाईनच्या द्राक्षाची पद्धत. एक्सपोर्टचा घड हातात धरून कात्रीने तोडणाऱ्या तुझ्या वडिलांना हे दाखवू नकोस, रात्री झोप लागायची नाही त्यांना. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या नाहीत, मणी विरळ करायचं थिनिंग नाही, घड औषधात बुडवायचं डिपिंग नाही, डाऊनीचा रोग नाही, अवकाळी पावसाने मणी तडकत नाहीत. भाव पडला तर माल ठेवून द्यायचा नाहीतर बेदाणा करायचा. म्हणजे शेतकऱ्याचं स्वप्नच म्हण ना! पण याला लॅपटॉप दणकट लागतो आणि शेवट असा नाहीच.

मी तुला स्टार्ड्यू व्हॅली घे म्हणेन. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने कोड, चित्रं, संगीत सगळं स्वतः करून २०१६ मध्ये आणला, आता मोबाईलवरही आहे, एकदा पैसे भरले की जाहिराती वगैरे कटकट नाही. आजोबांचं पडीक शेत मिळतं, २८ दिवसांचा एक ऋतू, ऋतू बदलला की उभं पीक वाळतं, म्हणजे कधी काय लावायचं याचा हिशोब ठेवावा लागतो. द्राक्ष शरद ऋतूत, आणि वेल तारेवर असल्यामुळे त्या रांगेतून आरपार चालता येत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी वाट सोडून लाव. पुढे पिंप मिळतं, द्राक्ष त्यात टाकली की वाईन, आणि वाईनचा भाव द्राक्षाच्या तिप्पट. नाशिकच्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. तिसरं वर्ष लागलं की आजोबा येऊन तुझ्या शेताला मार्क देतात, तिथे थांबलास तरी चालतं.

प्रश्न : आपल्याकडच्या गोष्टींवरचे गेम आहेत का? (कॉलेज रोड)

उत्तर : आहेत की. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये राजी काढला, हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, हातात दुर्गेचं त्रिशूळ, भिंतीवरच्या चित्रांतून पुराणातल्या गोष्टी. देखणा आहे, मारामारी जरा तीच तीच होते. दुसरा वेनबा, २०२३ चा, कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब आणि आईची फाटकी रेसिपीची वही, अर्धी वाक्यं पुसलेली, त्यावरून अंदाज लावत इडलीपात्र कसं रचायचं ते शोधायचं. एका संध्याकाळी होऊन जातो. एकच घ्यायचा तर वेनबा, राजी सेलमध्ये आला की बघा.