बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, नीट आणि मार्चमधला कांदा

प्रश्न : मॅडम, मी निफाड तालुक्यातल्या एका गावची. नाशिकला बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एसटीने जाण्यायेण्यात रोज तीन तास जातात, नाशिकच्या द्वारका चौकात गाडी अडकली की साडेतीन. यंदा मे महिन्यात मेडिकलच्या प्रवेशाची नीट परीक्षा दुसऱ्यांदा दिली. ७२० पैकी ४३६ आले : जीवशास्त्र २९०, रसायन ८४, भौतिक ६२. प्रॅक्टिकलचं जर्नल, कॉलेजची इंटर्नल परीक्षा आणि नीट यांत रोज काहीतरी राहूनच जातं. मार्चमध्ये उन्हाळ कांदा काढायला घरी माणसं कमी पडतात, तेव्हा मलाही शेतात जावं लागतं. घरचे म्हणतात, पुढच्या वर्षी एम.एस्सी.ला प्रवेश घे आणि सोबत नीट दे, म्हणजे वर्ष वाया जाणार नाही. पदवीचा नीटला उपयोग होतो का? माझं वय २० आहे. उशीर झालाय का?
– एक वाचक

उत्तर : उशीर अजिबात झालेला नाही. नीटची वरची वयोमर्यादा २०२२ मध्येच काढून टाकली आहे आणि किती वेळा परीक्षा द्यावी यावरही बंधन नाही. मात्र पदवीचे वेगळे गुण मिळत नाहीत. पात्रता बारावीच्या विषयांवर ठरते आणि गुणवत्ता यादी नीटच्या गुणांवर लागते. आमच्या वेळी बारावीच्या भौतिक, रसायन, जीवशास्त्र (पीसीबी) या विषयांच्या मार्कांवरच मेडिकलचे प्रवेश व्हायचे. माझा प्रवेश तीन गुणांनी हुकला, मी प्राणिशास्त्र घेतलं आणि पुढे २८ वर्षं ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं ते त्यामुळेच.

तुला वेळ पुरत नाही हे खरं, पण तुझे गुण वेगळंच काही सांगतात. तू मायक्रोबायोलॉजीची मुलगी. अभ्यासाला बसलीस की हात आपोआप जीवशास्त्राकडे जातो, कारण तिथे जमतं. भौतिकशास्त्राचं पुस्तक मात्र बारावीनंतर धड उघडलेलं दिसत नाही. त्या विषयाचे ४५ प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर वजा १. समज, तू ३८ प्रश्न सोडवलेस, २० बरोबर आले आणि १८ चुकले. मग होतात ते हेच ६२. त्या १८ पैकी आठ जरी बरोबर आले असते, तरी एकेकामागे ५ गुणांचा फरक पडून ४० गुण वाढले असते. जीवशास्त्रात २९० वरून ३३० ला जायला याच्या कितीतरी पट घाम गाळावा लागेल. शिवाय भौतिकचं गणित सुधारलं की भौतिक रसायनशास्त्रही सुधारतं.

जीवशास्त्राबद्दल एकच सावधगिरी. तुम्हाला कॉलेजात सजीवांच्या वर्गीकरणाची वूजची तीन डोमेनची पद्धत शिकवतात, पण एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात व्हिटेकरची १९६९ ची पाच सृष्टींची पद्धत आहे. नीटचा पेपर अकरावी-बारावीच्या पुस्तकाच्या भाषेत बोलतो. जास्त शिकलेली मुलं इथे चुकताना मी पाहिली आहेत. तेव्हा रोज दहा पानं, पण एनसीईआरटीचीच.

आता दिवसाचं. तिन्ही गोष्टींना रोज सारखा वेळ द्यायचा हट्ट सोड, त्यातूनच रोज काहीतरी राहिल्याची टोचणी लागते. आत्तापासून दिवाळीपर्यंत पहाटेचे दोन तास फक्त भौतिक. जर्नल त्याच दिवशी, घरी येणाऱ्या गाडीची वाट बघत कॉलेजातच पूर्ण कर, घरी आणू नकोस. गाडीत बसायला मिळालं तर एनसीईआरटी, नाही मिळालं तर नुसती उभी राहा, डोळ्यांना विश्रांती दे. विद्यापीठाच्या परीक्षेआधीचे तीन आठवडे पदवीला दे, नीटसाठी तेव्हा रोज फक्त पाऊण तास सूत्रांना ठेव. आणि नीटचा अभ्यासक्रम जानेवारीअखेर एकदा संपलाच पाहिजे, कारण त्यानंतर प्रॅक्टिकल, शेवटची सेमिस्टर आणि कांदा एकदमच अंगावर येणार.

कांद्याबद्दल घरी स्पष्ट बोल, आणि मार्चमध्ये नको, आत्ताच. मी शेतात येणार नाही असं म्हणू नकोस, ते तुलाही पटणार नाही. पण रविवारी दुपारी २ ते ५ मी सराव पेपर सोडवणार, तेव्हा मला कुणी हाक मारायची नाही, एवढं वडिलांकडून कबूल करून घे. अलीकडे नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी २ वाजता सुरू होते. १८० प्रश्न, १८० मिनिटं. भर उन्हात, जेवणानंतर डोळ्यांवर झापड येते त्याच वेळी डोकं चालवायची सवय हवी. पहाटे चारला सोडवलेल्या सराव पेपरवरून त्याचा अंदाज येत नाही.

राहिलं एम.एस्सी. नुसतं वर्ष भरून काढायला ती घेऊ नकोस. चार सेमिस्टर, हजेरी, दिवसदिवस चालणारी प्रॅक्टिकल्स आणि प्रकल्प असतो. एक पाय बाहेर ठेवून ती होत नाही. उद्या एमबीबीएस नाहीच झालं तरी मायक्रोबायोलॉजी आवडेल का, हे स्वतःला विचार. आपल्या जिल्ह्यात द्राक्षांपासून वाइन बनते, औषधांचे कारखाने आहेत, तिथे या विषयाच्या माणसांना काम असतं. उत्तर मनापासून ‘हो’ असेल तर एम.एस्सी. घे आणि पहिलं वर्ष तिलाच दे. नीट कुठे पळून जात नाही. उत्तर ‘नाही’ असेल, तर एक वर्ष फक्त नीटसाठी माग, आणि ते एकच वर्ष असेल हेही घरी आधी सांग. हा निर्णय आज घेऊ नकोस. एम.एस्सी.चे अर्ज सुटले की भरून ठेव आणि नीटचा निकाल हातात आला की आईवडिलांना समोर बसवून ठरव.

या आठवड्यात मात्र एक काम कर. मे महिन्यातली तुझी उत्तरपत्रिका आणि उत्तरतालिका समोर घे. भौतिकचे जेवढे प्रश्न चुकले तेवढे वहीत उतरव. प्रत्येकापुढे लिही : सूत्र आठवलं नाही, आकडेमोड चुकली, की अंदाजाने ठोकलं. ती पानं मला पाठव, मग भौतिकची सुरुवात कोणत्या धड्यापासून करायची ते कळवते.