तपासलेला समुद्र पुन्हा का तपासतात?

प्रश्न : भरकटलेली होडी शोधताना एकदा पिंजून काढलेला भाग पुन्हा तपासण्यात वेळ वाया जात नाही का?

उत्तर : होडी जागची हलत नसती आणि टेहळणी करणाऱ्याची नजर कधीच चुकत नसती, तर आपली शंका रास्त ठरली असती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांच्या शोधाचे गणित मांडणाऱ्या बर्नार्ड कूपमन यांच्या सूत्रातून याचा अंदाज येतो. समजा, २ किलोमीटर रुंदीचा पट्टा न्याहाळू शकणारे जहाज १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात ताशी १० किलोमीटर वेगाने ५ तास वाटेल तसे फिरले. कागदावर सारे क्षेत्र तपासून होते. परंतु जहाजाचे मार्ग एकमेकांवर पडत असल्याने होडी सापडण्याची शक्यता सुमारे ६३ टक्केच भरते, आणि वेळ दुप्पट केला तरी ती ८६ टक्क्यांच्या आसपासच राहते.

त्यात होडी वाहत असेल, तर काल रिकामा असलेला भाग आज रिकामा असेलच असे नाही. अमेरिकी तटरक्षक दल २००७ पासून वापरत असलेल्या संगणक प्रणालीत होडीच्या हजारो काल्पनिक प्रती वारा, प्रवाह आणि यदृच्छा यांच्या हवाली केल्या जातात. एखाद्या भागात शोध निष्फळ ठरला, की तेथील प्रतींचे वजन, म्हणजे त्या खऱ्या ठरण्याची शक्यता, घटवतात, मात्र शून्य करत नाहीत (खरी मेख इथेच आहे), आणि त्या पुढे वाहू देतात. काय हरवले आहे, हेही आधी ठरवावे लागते. कारण पाण्यातला माणूस मुख्यतः प्रवाहाबरोबर जातो, तर रबरी तराफ्याला वारा बराच दूर ढकलतो.