मजूर मिळत नाहीत, तरी मजुरी का वाढत नाही?

प्रश्न : ताई, शिरोळ तालुक्यात आमचा दोन एकर ऊस आहे. कारखाना म्हणतो यंदा ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कमी आल्यात, थांबा. टोळी आली की खुशाली म्हणून वरचे पैसे मागते, ट्रॅक्टरवाला एंट्री म्हणून मागतो, ऊस वाळत असताना नाही म्हणून करता काय! माझा पोरगा बीकॉमला आहे, तो म्हणतो माणसं कमी पडली की मजुरी वाढते आणि मग माणसं येतात. मग ऊसतोडीत असं का होत नाही?
(एक ऊस उत्पादक, जि. कोल्हापूर)

उत्तर : दादा, पोरगा चुकीचं बोलत नाही, पण तो म्हणतो तसं व्हायचं तर मजुराला आज इथलं काम सोडून उद्या जास्त देणाऱ्याकडे जाता आलं पाहिजे ना. तुमच्या फडात नोव्हेंबरात उतरणाऱ्या टोळीचा सौदा पावसाळ्यातच झालेला असतो, पाटोदा, शिरूर कासार, धारूर अशा बीडच्या कोरडवाहू तालुक्यांत, पेरणीला बियाणं घ्यायचंय, पोरांची शाळा सुरू झालीय, कुणाचा दवाखाना निघालाय आणि हातात दुसरं काम नाही अशा वेळी टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दारात येतो. कारखाना वाहतूकदाराला देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम टोळीला. एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, पन्नास हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत. ही उचल घेतली की शेजारचा कारखाना काही का देईना, सीझनभर जागचं हलता येत नाही.

आणि टनाचा दर कुठला एक कारखाना ठरवतच नाही. साखर कारखान्यांचा साखर संघ आणि मजूर संघटना बसून अख्ख्या राज्यासाठी काही वर्षांचा करार करतात. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला साधारण ३६६ रुपये झाला. जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते, म्हणजे पहाटेपासून राबून, मोळ्या बांधून, रात्री-अपरात्री गाडी भरून दोघांचे मिळून साडेपाचशे ते सव्वासातशे. मुकादमाचं कमिशन वेगळं, तेही टनावरच, वीस टक्क्यांच्या आसपास.

आता दर असा बांधलेला असला तरी टंचाई तर खरीच आहे, बीडची तरुण पोरं आता पुण्याला कंपनीत, बांधकामावर जातात. मग ती टंचाई दिसते कुठे तर उचलीत, कारखाने एकमेकांशी चढाओढ करतात ती उचलीची. आणि थोडी तुमच्या खुशालीत. पोराला हे नक्की सांगा, कारण माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. मजुरी वाढली तर माणूस मोकळा होतो, पण उचल वाढली तर त्याच्या डोक्यावरचं कर्ज वाढतं! पाऊस लांबला, कुणी आजारी पडलं, खाडे झाले की उचल फिटत नाही, बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे.

मुकादमाला नुसतं व्हिलन ठरवू नका बरं का. गावागावातून माणसं जमवून तुमच्या बांधापर्यंत आणायचं काम दुसरं कुणीच करत नाही, आणि टोळी पळाली तर पैसे त्याच्याच अंगावर येतात. पण त्याची गरज आहे म्हणून हिशोब तोंडीच राहावा असं कुठे आहे.

राहिला तुमचा खिसा. तोडणी-वाहतुकीचा खर्च तुमच्याच एफआरपीतून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान भावातून, वजा होतो, म्हणजे मजुरीचे पैसे तुम्ही आधीच दिलेले असतात, वर पुन्हा खुशाली. माझं स्पष्ट म्हणणं आहे की बांधावर टोळीशी भांडण्यापेक्षा कारखान्याच्या सभेत विचारा, तोडणीचे पैसे थेट मजुराच्या खात्यावर का जात नाहीत आणि दराचा फेरविचार दरवर्षी का होत नाही.

प्रश्न : माझे आईबाबा दरवर्षी तोडीला जातात. उचल बाबांच्या नावावर, हिशोब पण बाबांशीच. आईची मजुरी वेगळी का धरत नाहीत?
(एक विद्यार्थिनी, जि. बीड)

उत्तर : बाळा, कारण हिशोब कोयत्याचा होतो, माणसाचा नाही. जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. आई तुझ्या बाबांइतकीच राबते, वर पहाटे उठून भाकरीही तीच थापते, पण तिच्या नावावर रुपया पडत नाही. हे अन्यायाचं आहे आणि ते तसंच म्हटलं पाहिजे. तुला करता येण्यासारखं म्हणजे ग्रामसेवकाकडे ऊसतोड मजूर म्हणून दोघांचीही नोंद करून घे, ओळखपत्र आईच्या नावाचं वेगळं माग. उचल घेताना रक्कम, तारीख, मागची बाकी, खाड्याचे किती कापणार हे सगळं वहीत लिहून मुकादमाची सही घे, आणि सीझनभर टनाच्या पावत्या जपून ठेवायला सांग. बाकीसाठी कुणाला डांबून ठेवलं किंवा जबरदस्तीने कामाला लावलं तर १९७६ च्या वेठबिगारी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, तेव्हा ही वही आणि पावत्याच कामाला येतील.