गुंडी कुठली, सापडली कुठे?

प्रश्न : मी अमेरिकेत पोर्टलंडला राहते. आमच्या शेजारच्या आजींचं कोलंबिया नदीकाठी शेत आहे. तिथे त्यांना पितळेची एक गुंडी मिळाली. ज्वाळांमधून वर येणारा पक्षी, भोवती फ्रेंच अक्षरं आणि ७ हा आकडा. फ्रेंच सैन्य इथवर आलं होतं का?

उत्तर : नाही. ही गुंडी फ्रेंच सैन्याची नाहीच. पक्षी म्हणजे फिनिक्स, आणि त्या फ्रेंच ओळीचा अर्थ ‘मी माझ्या राखेतून पुन्हा जन्म घेतो’. हे कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशाचा राजा आंरी क्रिस्तोफ याचं ब्रीद. गुलामांनी फ्रेंचांशी लढून १८०४ साली हा देश स्वतंत्र केला आणि १८११ मध्ये क्रिस्तोफ त्याच्या उत्तर भागाचा राजा झाला. आकडा त्याच्या पलटणीचा.

आता गुंडी उलटी करा. कडीभोवती ‘बुशबी, लंडन’ अशी अक्षरं दिसतात का ते भिंगातून बघा. या गुंड्या इंग्लंडमध्ये बनल्या होत्या. १८२० मध्ये क्रिस्तोफने आत्महत्या केली, राज्य बुडालं, आणि या मालाला गिऱ्हाईक उरलं नाही. अभ्यासकांचा तर्क असा, की तो पडून राहिलेला माल व्यापाऱ्यांनी स्वस्तात उचलला आणि १८३०च्या सुमारास कोलंबियाच्या खोऱ्यात देवघेवीसाठी आणला. तिथल्या मूळ रहिवाशांना चकचकीत पितळ दागिन्यांसाठी हवं असे. म्हणून हैतीचा एकही शिपाई तिकडे न जाता त्याच्या गुंड्या पोर्टलंडजवळच्या सॉव्ही बेटावर आणि आसपास निघतात. ज्या शब्दांसाठी माणसं जिवावर उदार झाली, ते शब्द हजारो मैलांवर कुणाच्या तरी गळ्यात माळेसारखे रुळले. मला ही गोष्ट दरवेळी आतून हलवते.

आजींना एवढं जरूर सांगा : शेतात नेमकी कुठे मिळाली, ती जागा आजच लिहून ठेवा.

प्रश्न : देवळालीजवळ विहिरीच्या गाळात गुंडी मिळाली. सिंह आणि एकशिंगी घोडा आहे, पण नंबर नाही. पलटण कशी ओळखायची?

उत्तर : पलटण कळणार नाही, काळ मात्र कळेल. ब्रिटिश पायदळात १७६७ पासून गुंडीवर पलटणीचा नंबर असे. १८७१ मध्ये साध्या शिपायांसाठी सरसकट राजचिन्हाची, म्हणजे सिंह आणि एकशिंगी घोड्याची, गुंडी आली. म्हणजे तुमची बहुधा त्यानंतरची. चिन्हावरचा मुकुट बघा. कमानी मधोमध खाली दबलेल्या असतील तर व्हिक्टोरियाचा काळ, घुमटासारख्या गोल असतील तर १९०१ नंतरचा. दबलेला मुकुट १९५२ नंतर पुन्हा आला, पण शेवटची ब्रिटिश पलटण फेब्रुवारी १९४८ मध्येच मुंबईहून गेली होती. त्यामुळे तुमच्याकडे घोटाळा व्हायचं कारण नाही.

प्रश्न : बसऱ्याला नोकरीत असताना जुन्या बाजारात बिगुल आणि १०३ असलेली गुंडी घेतली. आमचे पणजोबा ‘बसऱ्याच्या लढाईला’ गेले होते. त्यांची असेल का?

उत्तर : पलटण आपलीच वाटते. बिगुल ही लाइट इन्फन्ट्रीची (चपळ पायदळाची) खूण, आणि १०३वी मराठा लाइट इन्फन्ट्री हे नाव १९०३ ते १९२२ एवढंच चाललं. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, इराकमधल्या कूत गावाच्या वेढ्यात ही पलटण उपाशीपोटी अडकली होती. पण पणजोबा १०३मध्येच होते का, हे गुंडी सांगणार नाही. मराठ्यांच्या आणखीही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या. घरात पेन्शनचा कागद किंवा पदक असेल तर शोधा. पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली असते.

प्रश्न : किल्ल्याच्या पायथ्याशी मिळालेली गुंडी चिंच-मीठ लावून घासू का?

उत्तर : कृपा करून नको! आंबटाने मुलामा आणि मागची बारीक अक्षरं जातात, ओळख पटवायला तीच लागतात. माती मऊ ब्रशने झटका, गुंडी कोरडी ठेवा आणि उजेड तिरका पाडून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. किल्ला संरक्षित असेल तर मात्र वस्तू जागची उचलायचीच नाही, पुरातत्त्व खात्याला कळवायचं.