बाबांची पॉलिसी नंतर शोधू, आधी आईची परत करा

कराडहून एका वाचकाने लिहिलंय. वडील साखर कारखान्यातून रिटायर झालेले, फेब्रुवारीत ६८ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. एलआयसीची एक पॉलिसी होती, आई म्हणते नावात "आनंद" असं काहीतरी होतं, २००३ च्या सुमारास काढलेली, आणि २०१९ ला तिचे सव्वातीन लाख आलेही होते. बाँड, म्हणजे पॉलिसीचा मूळ कागद, सापडत नाही. शेजाऱ्यांच्या घरी क्लेमचे १५ लाख आले म्हणून यांनाही तेवढीच आशा आहे, भावाचा वाटा देऊन उरलेल्यात गाडी घ्यायची. प्रश्न असा की पॉलिसी शोधायची कशी, आणि कारखान्याचा, पीएफचा किंवा बँकेतून कापला जाणारा विमा मिळेल का.

आणि मग पत्राच्या शेवटी, जाता जाता, हे वाक्य: "ओळखीचे एजंट शोधून देणार आहेत, त्यासाठी आईच्या नावाने नवीन पॉलिसी काढलीय, वर्षाला दीड लाख, दहा वर्षं, क्लेमचे पैसे तिच्यातच जमा होतील म्हणाले. १२ तारखेला बाँड आला."

अहो, क्लेमचे पैसे जमा व्हायला नवीन पॉलिसी लागत नाही, बँक खातं लागतं. आईचं पासबुक आहे ना? बास. ही सरळसरळ थाप आहे.

आता हिशोब बघा. आईकडे ९ लाखांची एफडी, पेन्शन दीड हजार, म्हणजे घर चालतं ते एफडीच्या व्याजावर, साधारण साठ-बासष्ट हजार वर्षाला. त्याच एफडीतून पहिला हप्ता गेला, राहिले साडेसात. दरवर्षी दीड काढत गेलात तर सहाव्या हप्त्याला एफडी शून्य आणि पुढचे चार हप्ते कोण भरणार, तुम्ही? आणि व्याजही वर्षागणिक घटत जाणार, म्हणजे आईचा किराणाही तुमच्याच खिशातून. मुळात ६३ वर्षांच्या बाईंना एवढा विमा कशाला, त्यांच्या कमाईवर कोण जगतंय? एजंटचं पहिल्या वर्षाचं कमिशन सोडलं तर यात कुणाचाच फायदा मला दिसत नाही.

सुदैवाने बाँड नुकताच आलाय. बाँड हातात पडल्यापासून ३० दिवसांचा फ्री लुक असतो, त्या मुदतीत पॉलिसी परत करता येते, कव्हर असलेल्या दिवसांचा खर्च, स्टॅम्प ड्युटी आणि मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे मिळतात. बाँडच्या पाकिटातल्या पत्रातच हे लिहिलेलं असतं, पण आपल्याकडे पाकीट न फोडताच कपाटात जातं. आईच्या सहीने दोन ओळींचा अर्ज, सोबत मूळ बाँड आणि कॅन्सल चेक, घेऊन स्वतः ब्रँचला जा आणि झेरॉक्सवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या. एजंटकडे देऊ नका, "मी करतो जमा" म्हणून तो महिना घालवेल आणि मग मुदत संपली म्हणून हात वर करेल. हे याच आठवड्यात करा.

पैसे परत आले की उरलेली एफडी मोडून (दंड किती बसतो ते आधी विचारून) सगळे पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाका. सध्या ८.२ टक्के, म्हणजे ९ लाखांवर तिमाहीला अठरा हजारांच्या वर.

आता बाबांची पॉलिसी. एजंट म्हणतोय "२०१९ ला पैसे आले म्हणजे संपली, दुसरी शोधावी लागेल". मला तसं वाटत नाही. ती जीवन आनंद असेल (एलआयसीच्या यादीत तक्ता, म्हणजे प्लॅन नंबर, १४९), तर मुदतीला पैसे मिळाल्यावरही विमा रक्कम माणूस जाईपर्यंत चालूच राहते आणि गेल्यावर नॉमिनीला मिळते. दोन लाखांची पॉलिसी, सोळा वर्षं, दरवर्षी हजारी चाळीसच्या आसपास बोनस धरला तर साधारण सव्वा लाख, मिळून सव्वातीन. तुमचा आकडा जुळतो की. म्हणजे, बाबांनी मागाहून सरेंडर केली, म्हणजे पैसे घेऊन बंद केली, नसेल तर, अजून दोन लाख यायचेत. १५ लाख विसरा.

वेबसाइटवर न घेतलेल्या रकमा शोधायची सोय आहे, नाव-जन्मतारीख टाकून बघा, पण तिथे काही दिसलं नाही म्हणून निराश होऊ नका, बाबा गेले हे तुम्ही कळवल्याशिवाय एलआयसीला कळणार कुठून? त्यापेक्षा बँकेतून २०१९ चं स्टेटमेंट काढा, सव्वातीन लाख जमा झाल्याची एंट्री आणि तारीख मिळेल. ती, बाबांचं नाव, जन्मतारीख, पॅन आणि मृत्यूचा दाखला घेऊन जवळच्या शाखेत गेलात की पॉलिसी नंबर निघायला हरकत नाही. ट्रंकेत जुन्या पावत्या असतील तर अजून सोपं, पावतीवर नंबर असतोच, आणि बाँड सापडलाच तर त्यावर "१४९-१६" (तक्ता आणि वर्षं) असं काही दिसतंय का बघा. नाहीच सापडला तर इंडेम्निटी बाँडवर, म्हणजे पुढे काही दावा निघाला तर भरपाईची हमी लिहून देऊन, काम होतं. शोधून द्यायचे कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

कारखान्याचा ग्रुप विमा, पीएफचा विमा विचारलात, तो नोकरीत असताना गेलं तरच. बँकेतून वर्षाला ४३६ रुपये कापणारा (पंतप्रधान जीवन ज्योती) वयाच्या पंचावन्नला संपतो, वीस रुपयेवाला (सुरक्षा विमा) फक्त अपघाताचा. तिथे वेळ घालवू नका.

भावाच्या वाट्याचं म्हणाल तर नॉमिनी आई असेल तर २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर ते दोन लाख बहुधा आईचेच, वाटण्या सहसा नाहीत. गाडीचं तुमचं तुम्ही बघा.