संत्र्यातली मेणबत्ती, शिंदीची राख

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी आमच्या चर्चच्या मंडळीत संडे स्कूल घेते. दर नाताळाला तीच नाटिका, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले तेच मेंढपाळ. पोरांना मिशा फुटल्या तरी मेंढपाळच! आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, मुलांच्या हातून दुसरं काही करून घेता येईल का? पैसे मात्र नाहीत.
एक शिक्षिका, काटोल

उत्तर: ताई, काटोलात राहून पैशाचं काहून विचारता? संत्री घ्या.

मोराव्हियन या जुन्या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींमध्ये ‘क्रिस्टिंगल’ नावाची मुलांची उपासना असते. १७४७ साली जर्मनीतल्या मारियनबोर्नमध्ये नाताळच्या उपासनेत मुलांना लाल फीत बांधलेली एकेक पेटती मेणबत्ती दिली गेली, तेव्हापासूनची ही प्रथा. संत्रं तिच्यात पुढे कधीतरी आलं. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये ती १९६८ पासून रुजली. संत्रं म्हणजे जग, त्याच्याभोवतीची लाल फीत म्हणजे प्रभूचं रक्त, वरची मेणबत्ती म्हणजे जगाचा प्रकाश आणि चार काड्यांना टोचलेला सुकामेवा म्हणजे चार ऋतू आणि त्यांत जमिनीतून मिळणारं सगळं.

आता खरी अडचण. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते आणि मधोमध पोकळी. मेणबत्ती तिरकी होते, मेण मुलांच्या बोटांवर गळतं. म्हणून पिकून पिवळंधम्मक झालेलं फळ नको. आंबिया बहारातलं, अजून हिरवट, साल घट्ट धरलेलं निवडा, नाहीतर सरळ मोसंबी आणा. बुडाशी सालीचाच पातळ काप काढा, म्हणजे ते नीट बसेल. फोडीला सुरी लागली की रस सुटलाच. देठाच्या जागी भोक पाडून आधी चांदीचा कागद खोवा, मग बोटाएवढी जाड मेणबत्ती. वाढदिवसाच्या बारीक मेणबत्त्या एका गीतातच संपतात. काड्यांना बोरं टोचायला जाऊ नका, आत बी लागते. मनुका चालतील, उकडलेल्या शिंगाड्याचे तुकडेही. आणि ऋतू आपल्याकडे तीनच, त्यातला एक तर उठायचं नाव घेत नाही. चौथ्या काडीचा अर्थ कुणी विचारला तर बायबलमध्ये शुभवर्तमानं चार आहेत म्हणून सांगा.

पेटवताना पंखे बंद, वेण्या आणि ओढण्या बांधलेल्या, कोपऱ्यात वाळूची बादली. दिवे मालवून मुलांना भिंतीलगत उभं करा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला प्रकाशाचा भाग वाचता येणाऱ्यांतल्या सगळ्यात लहान मुलानं वाचावा. तो अडखळला तरी मोठ्यांनी मधे पुरवायचं नाही. शेवटी फुंकर, आणि फळ घरी खायचं नाही. आजारपणामुळे, वयामुळे ज्यांना देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येता येत नाही, त्यांच्या दारात प्रत्येक मुलानं त्याच दिवशी आपलं संत्रं नेऊन द्यायचं.

प्रश्न: आमचे नवे पाळक येत्या राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सगळ्यांच्या कपाळाला राख लावणार म्हणतात. आमचं घराणं स्कॉटिश मिशनच्या काळापासूनचं. आमच्यात हे कधी नव्हतं. विरोध करावा का?
एक ज्येष्ठ वाचक, सिताबर्डी

उत्तर: दादा, २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्याच नागपुरात, सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात, सहा चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तुमच्या घराण्यातलेही त्यात आले. लहान बाळाचा बाप्तिस्मा की मोठेपणी, एवढ्या मोठ्या प्रश्नावर दोन्ही रीती मान्य करून ती माणसं एकत्र बसली. त्यांच्या नातवंडांनी बोटभर राखेवरून मंडळी फोडू नये, असं मला वाटतं. जाता जाता, तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता, आणि २०२६ मध्येही २९ नोव्हेंबरला तोच रविवार येतो. त्याची उपासना कुणीतरी मनावर घ्या.

पण तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण तुमच्या बाजूनं खुद्द मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उभा आहे. उपास लोकांना दाखवू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असं प्रभू तिथे सांगतो, आणि राखेच्या बुधवारी बहुतेक ठिकाणी हाच भाग वाचला जातो. तेव्हा पाळकांना असं सुचवा: राख ज्याला हवी त्यानंच पुढे येऊन लावून घ्यावी, शेवटी हा भाग वाचावा आणि दाराशी घंगाळात पाणी व पंचा ठेवावा. ज्याला कपाळ धुऊन रस्त्यावर उतरायचं आहे त्यानं तसं उतरावं. दोन्ही पक्षांची सोय होते, शिवाय वचन नुसतं ऐकून न राहता हातानं पाळलं जातं.

राख दुकानातून आणू नका. गेल्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, घरी नेलेल्या शिंदीच्या पात्या बायबलमध्ये, फोटोच्या मागे अजून असतील, त्या राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी गोळा करा. लोखंडी घमेल्यात जाळा, खलबत्त्यात कुटा, चहाच्या गाळणीनं गाळा आणि लावताना दोन थेंब खोबरेल घाला. पाणी मुळीच नको. राखेत क्षार असतो, ओली झाली की कपाळाची आग होते.

प्रश्न: तरुण संघ देवळात मोठा एलईडी स्क्रीन बसवायचा म्हणतो. गीतं त्यावर दिसतील, उपासना जिवंत होईल म्हणे.
कमिटीचा एक सभासद, जरीपटका

उत्तर: नको. अक्षरं मोठी दिसतात हा एकच फायदा मला पटतो. त्यासाठी नेहमीची गीतं मोठ्या टायपात छापून ज्येष्ठांच्या हातात द्या. उरलेल्या पैशातून तबला दुरुस्त करा.

प्रश्न: ईस्टरची तारीख दरवर्षी का हलते? हॉल आधी बुक करावा लागतो.
एक वाचक, कामठी

उत्तर: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा नियम. म्हणून २०२६ मध्ये ईस्टर चैत्री पौर्णिमेनंतर ५ एप्रिलला आला. २०२७ मध्ये तो होळीच्या पौर्णिमेनंतरच, २८ मार्चला आहे. चर्चची पौर्णिमा तिच्या स्वतःच्या कोष्टकावरून काढतात, तेव्हा पंचांगाशी क्वचित फरक पडतो. बुकिंग करताना एवढं पुरे.

प्रश्न: पन्नासाव्या दिवसाचा सण, म्हणजे ईस्टरनंतरचा पेंटेकॉस्ट, आमच्याकडे कुणाला आठवतही नाही. मे महिना, शाळांना सुट्ट्या, अर्धी मंडळी गावी. उरलेल्यांनी काय करावं?
तरुण संघाची सेक्रेटरी, अजनी

उत्तर: अगं, तुझ्याकडे रेल्वे कॉलनी आहे! बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय दुसरा काढ. मोठ्या वाऱ्याच्या आवाजात, अग्नीच्या जिभांसारखा पवित्र आत्मा शिष्यांवर उतरतो. पार्थी, मेदी, एलामी असे देशोदेशीचे लोक आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्यं ऐकतात. ती यादी वाचताना आपले वाचक नेहमी अडखळतात आणि लोक घड्याळ बघतात. तुमच्या बाकांवर मराठी, हिंदी, तेलुगू, तमिळ, मल्याळम, छत्तीसगढी बोलणारी घरं बसलेली असतील, पण ती भाषा देवळाच्या दारात चपलांसोबत काढून ठेवलेली असते. ती आत येऊ दे. एकच वचन ठरव आणि प्रत्येकानं ते घरच्या बोलीत म्हणायचं. आधी एकेकानं, मग सगळ्यांनी एकदम, आवाज न आवरता. वऱ्हाडीसुद्धा चालेल, तिला हसायचं नाही.

गोंडी बोलणारं कुणी असेल तर त्याला आवर्जून बोलव. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉपनं इथे राहून गोंडी शब्द आणि गाणी टिपून ठेवली. १८६३ मध्ये तो बुडून वारला आणि त्याचे कागद १८६६ मध्ये इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलनं छापून काढले. हिस्लॉप कॉलेजच्या पाटीपलीकडे त्याची ही ओळख आपल्या तरुणांना नसते. फक्त गोंडी वचन गोंडी माणसानंच म्हणावं, दुसऱ्यानं देवनागरीत लिहून घेऊन नव्हे.

लाल रंगासाठी कापड आणू नकोस. मे महिन्यात गुलमोहर फुललेला असतो, सकाळी झाडाखालचीच फुलं वेचून वेदीपाशी पसर. वाऱ्यासाठी कूलर आहेतच: सुरुवातीपासून बंद ठेव, लोक कुरकुरतील, कुरकुरू दे. मोठ्या वाऱ्याचं वचन आलं की सगळे एकदम सुरू कर. नागपुरात मे महिन्यात त्या क्षणाला कुणी झोपलेलं राहणार नाही.

२०२७ मध्ये हा रविवार १६ मे रोजी आहे. उपासना आठला सुरू कर, म्हणजे ‘आत्ता तर सकाळचे नऊच वाजलेत’ हे त्याच अध्यायातलं पेत्राचं बोलणं बरोबर वेळेवर येईल. गावी गेलेल्यांना आधीच्या बुधवारपर्यंत आजीच्या किंवा आजोबांच्या आवाजात तेच वचन व्हॉट्सॲपवर पाठवायला सांग, आणि त्यांची पाळी येईल तेव्हा फोन माइकजवळ धर.